पहाटेची धाव आणि महाविद्यालयाचा संघ

बारामतीहून भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे असा रस्ता धरून पहाटे इंदापूरकडे निघालेल्या प्रवाशाला एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेने, कालव्याच्या भरावावरून तरुण मुले धावत असतात. कुणाच्या हाती मोबाईल असतो, त्यात वेळ मोजली जात असते. कुणी अनवाणी असतो, कुणाच्या पायात थोरल्या भावाचे झिजलेले बूट असतात. अलीकडे मुलीही दिसू लागल्या आहेत, बहुधा दोघी-तिघी मिळून आणि बहुधा घरापासून फार दूर न जाता. धर्मग्रामाच्या कामानिमित्त या रस्त्याने जाताना आम्ही कधी गाडी थांबवून त्यांच्याशी बोललो आहोत. "कशासाठी धावतोस?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "भरतीसाठी." "शिकवतो कोण?" या प्रश्नावर मात्र मुले हसतात. कुणी मागच्या वर्षी भरती झालेल्या मित्राचे नाव सांगतो, कुणी मोबाईल दाखवतो.

यांतील अनेकांची नावे जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या पटावर आहेत. बारामतीत १९६२ साली स्थापन झालेल्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयापासून पुढे दोन्ही तालुक्यांत उच्च शिक्षणाची सोय चांगलीच वाढली आहे. म्हणजे धावणारी मुले आहेत, महाविद्यालये आहेत, विद्यापीठाच्या स्पर्धाही आहेत. या तिन्हींना जोडणारा माणूस, म्हणजे प्रशिक्षक, कसा काम करतो आणि त्याच्या हातून महाविद्यालयाचा धावण्याचा संघ कसा उभा राहतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम भरतीविषयी. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही सुमारे तेवढेच, १.६ किलोमीटरचे अंतर असते. शेतीच्या तुकड्यावर घर चालत नाही, तेव्हा वर्दी हे स्थिर पगाराचे आणि मानाचे साधन ठरते. त्या धडपडीविषयी आम्हांला आदरच वाटतो. परंतु मुलगा रोज तेच अंतर जिवाच्या आकांताने धावतो, त्याचे नुकसान दुहेरी होते. नडगीचे हाड दुखू लागते, गुडघा धरतो आणि काही महिन्यांत वेळ सुधारण्याचे थांबते. त्याहून गंभीर धोकाही आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार मृत्युमुखी पडले, हे वाचकांना आठवत असेल. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. मात्र तयारी कुणाच्या देखरेखीखाली व्हावी, हा प्रश्न गावोगावी तसाच राहिला.

आता महाविद्यालयाच्या बाजूने पाहू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. त्यांतून विभागाचा संघ, पुढे आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ आणि तेथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी शिडी असते. तीत क्रॉस कंट्री ही स्वतंत्र स्पर्धा आहे. धावपट्टी सोडून माळ, गवत, चढउतार, माती आणि प्रसंगी चिखल यांतून काही किलोमीटर धावण्याची ही शर्यत होय.

या शर्यतीचे गणित सामान्य वाचकाला ठाऊक नसते आणि आमच्या मते सारे मर्म त्या गणितातच आहे. पहिल्या आलेल्याला १ गुण, दुसऱ्याला २, चाळिसाव्याला ४०. जागतिक स्पर्धेत प्रौढ गटात प्रत्येक देशाचे सहा जण धावतात, त्यांतील पहिल्या चौघांचे गुण मिळवतात आणि ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी ठरतो. समजा, एका संघाचा धावपटू पहिला आला, पण त्याचे सोबती १४, २० आणि २५ या क्रमांकांवर आले. बेरीज झाली ६०. दुसऱ्या संघाचा पहिला धावपटू सहावा, पण पाठोपाठ सातवा, नववा आणि अकरावा त्याच संघाचे. बेरीज ३३. पदकासाठी पहिल्या संघाचा वीर उभा राहील, परंतु ढाल दुसऱ्या संघाची. आपल्याकडे एखादा गुणी मुलगा सापडला की महाविद्यालय त्याच्यावर विसंबून राहते आणि तो पदवी घेऊन गेला की मैदान पुन्हा ओस पडते. संघाचे गणित ज्याने ओळखले, तो प्रशिक्षक चौथ्या मुलावर पहिल्याइतकाच वेळ घालतो.

या दोन तालुक्यांना ही शर्यत परकी वाटण्याचे कारण नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच मार्गाने पंढरपूरला जाते आणि बेलवाडीच्या मैदानावर तिचे गोल रिंगण होते. अश्व धावतात ते सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या महिला धावतात, विणेकरी धावतात. तेथे घड्याळ नसते आणि कुणी एकटा धावत नाही. सोहळा भक्तीचा आहे, त्याची शर्यतीशी तुलना करू नये हे खरे. आम्ही एवढेच म्हणतो की, मिळून धावणे या मातीला नवे नाही.

भूमीही अनुकूल आहे. नीरा, कऱ्हा आणि भीमा यांच्या काठची काळी जमीन उसाची, पण नदीपासून जरा दूर गेले की मुरमाड माळ सुरू होतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने पावसाळ्यातही बहुतेक दिवस बाहेर धावता येते. कृत्रिम धावपट्टीला कोट्यवधी रुपये लागतात. मुरमाच्या माळाला चुन्याची फक्की, काही बांबू आणि फीत पुरते. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य किंवा कडबनवाडीचा गवताळ पट्टा पाहून कुणाही प्रशिक्षकाला मोह होईल, परंतु ते चिंकाऱ्याचे घर आहे आणि वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे मुलांना धाववू नये. चिंकारा आपल्यापेक्षा चांगला धावतो, त्याला सरावाची गरज नाही.

असा संघ उभा राहू शकतो याचा दाखला फार लांब शोधावा लागत नाही. नाशिक हे याच विद्यापीठाच्या कक्षेतील शहर. तेथील भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंह यांनी वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचे धावपटू घडविले. हरसूल परिसरातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत त्यांच्याच हाताखाली तयार झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य. पुढे त्याच मैदानावरून संजीवनी जाधव पुढे आली आणि २०१७ मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरचे रौप्यपदक घेऊन परतली. मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका गावाला एकदा नशीब लाभले असे म्हणून ही मालिका झटकून टाकता येत नाही. मुली बदलत गेल्या, मैदान आणि माणूस तेच राहिले. नव्या मुलीला रोज सकाळी आपल्यापेक्षा वेगवान मुलगी डोळ्यांसमोर धावताना दिसत राहिली.

बारामतीहून नीरा ओलांडून फलटणमार्गे दक्षिणेला गेले की माण तालुका लागतो. तेथील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळविला. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर धावपट्टीवरील शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. इंदापूरहून उजनीचे पाणी ओलांडून करमाळ्यावरून पुढे गेले की बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका. तेथील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी वाहनाची सोय नसल्याने सुमारे सहा किलोमीटरवरील शाळेत चालत-धावत जात असे. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनला राहिला आणि २०१५ मध्ये सैन्यातील क्रॉस कंट्री शर्यतीत उतरल्यावर त्याच्यातील धावपटू लोकांच्या नजरेस आला. पुढे अमरीश कुमार या सैन्यातील प्रशिक्षकाने त्याला स्टीपलचेसकडे वळविले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी ही त्याची वाटचाल सर्वश्रुत आहे. आम्हांला येथे एक गोष्ट बोचते. आपल्या कोरडवाहू मुलखाच्या या गुणी पोराला पारखणारे पहिले डोळे सैन्याचे होते. सैन्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. परंतु जी हजारो मुले १६०० मीटरच्या चाचणीत थोडक्यात हुकतात आणि घरी परततात, त्यांना पारखणारे कुणी नसते.

"आमच्याकडे तज्ज्ञ प्रशिक्षक नाही," असे प्राचार्य सांगतात. त्यांच्यासाठी केनियातील एका ब्रदरांची हकिकत सांगण्यासारखी आहे. इटेन हे समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवरील छोटे गाव. तेथे पॅट्रिशियन ब्रदर्सनी चालविलेले सेंट पॅट्रिक्स हायस्कूल आहे. १९७६ साली ब्रदर कोम ओ'कॉनल हे आयरिश संन्यस्त भूगोल शिकविण्यासाठी तेथे आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचे कोणतेही प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते. ते मुलांबरोबर मैदानावर उभे राहू लागले, पाहू लागले, टिपणे ठेवू लागले. त्यांच्या शाळेतून गेलेल्या पीटर रोनोने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्याच हाताखाली घडलेल्या डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. इटेनची उंची आणि तेथील मुलांचे बालपण यांचा वाटा त्यात आहेच, ते श्रेय ब्रदरांच्या पदरात टाकणे योग्य होणार नाही. ते तेथून हलले नाहीत, हे श्रेय मात्र त्यांचेच. मिशनरी जीवनात ज्याला आम्ही स्थैर्य म्हणतो, ते क्रीडांगणावरही उपयोगी पडते, हे पाहून मनाला बरे वाटते.

महाविद्यालयीन संघाचा दाखला हवा असेल तर अमेरिकेतील व्हिलानोवा या ऑगस्टिनियन संघाच्या विद्यापीठाकडे पाहावे. तेथील प्रशिक्षक जेम्स ऊर्फ जंबो एलियट यांचा पोटापाण्याचा व्यवसाय बांधकाम यंत्रांच्या विक्रीचा होता. प्रशिक्षण ते उरलेल्या वेळात करीत आणि १९८१ पर्यंत करीत राहिले. त्यांचा विद्यार्थी रॉन डिलेनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचा विजेता ठरला आणि १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे व्हिलानोवाच्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रॉस कंट्री अजिंक्यपद राखले.

आता आपल्या माळावर येऊ. प्रशिक्षकाचे पहिले वर्ष बहुतांशी आवरते घेण्यात जाते. भरतीच्या तयारीतून आलेल्या मुलाला वेगाचे वेड असते, त्याला सावकाश धावायला शिकवावे लागते. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने आठवड्यातील बहुतेक दिवस धावायचे, एक दिवस वेगाचा, एक दिवस चढाचा, एक दिवस विश्रांतीचा. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनी हे तत्त्व जगाला पटवून दिले. ते बुटांच्या कारखान्यात काम करीत आणि दूधही वाटीत. त्यांच्या हाताखालील पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी २ सप्टेंबर १९६० रोजी, एकाच दिवशी, रोम ऑलिम्पिकमध्ये अनुक्रमे ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदके जिंकली. लिडियार्ड आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धाववीत. हा आकडा वाचून प्रथम वर्षाच्या मुलांवर तो लादण्याचा उत्साह कुणी दाखवू नये. आठवड्याला ३०-४० किलोमीटरपासून आरंभ करून दोन-तीन वर्षांत पायरीपायरीने वाढ करावी. (रविवारची लांब धाव पहाटे लवकर सुरू केली, तर मिस्सा चुकत नाही, हेही जाता जाता नमूद करतो.)

ऊस तोडणी सुरू झाली की रस्त्यावरची धाव थांबवावी, हा आमचा आग्रह आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि इंदापूरकडील कारखान्यांचे गाळप ऐन हिवाळ्यात चालते. पहाटेच्या अंधारात उसाने ओसंडलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि काळ्या कपड्यांत धावणारी मुले एकाच डांबरी पट्ट्यावर येतात. कालव्याचा भराव किंवा शेतरस्ता बरा. पावसात मात्र काळ्या मातीवर कुणी जाऊ नये, बुटाला शेरभर चिखल चिकटतो आणि घोटा मुरगळतो.

उन्हाचा विचार तर सर्वांआधी करावयास हवा. क्रॉस कंट्री पूर्वी ऑलिम्पिकमध्ये होती. १९२४ साली पॅरिसमध्ये भर जुलैच्या उन्हात ती घेण्यात आली, ३८ जण निघाले आणि १५ जण पोहोचले. त्यानंतर ऑलिम्पिकमधून ही शर्यत कायमची गेली. आपल्याकडे मार्च ते मे या काळात सूर्य वर आल्यावर सराव नको. धावताना मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेले असले, तर वाहनाची वाट पाहत बसू नये. त्याला तत्काळ थंड पाण्यात बसवावे, बर्फ असल्यास त्यात टाकावा, आणि मगच रुग्णालयात न्यावे. पाण्याने भरलेले एक मोठे टब मैदानाच्या कडेला ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

मुलींच्या संघाविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताक्षय आढळला. रक्तात लोह नसेल तर प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचत नाही आणि प्रशिक्षक "मेहनत कमी पडते" म्हणून तिलाच बोल लावतो. म्हणून सरावाच्या पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी. बाजरीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, डाळ, चालत असल्यास अंडी, हे घरातले अन्न पोटभर मिळते का, हे तिच्या आईशी बोलून पाहावे. धावपटू मुलीची मासिक पाळी थांबली तर ते कणखरपणाचे लक्षण नव्हे, अन्न कमी आणि श्रम जास्त होत असल्याची ती सूचना असू शकते. डॉक्टरांकडे जावे. हे बोलायला पुरुष प्रशिक्षक संकोचतो, म्हणून संघाबरोबर एक स्त्री शिक्षक किंवा प्रशिक्षक असलीच पाहिजे. बाहेरगावच्या स्पर्धेला, प्रवासात आणि मुक्कामात तर निश्चितच. प्रशिक्षकाच्या हाती मोठी सत्ता असते. सत्तेवर देखरेख नसली की काय घडते, हे ख्रिस्तसभेने स्वतःच्या घरात फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. म्हणून हे इतरांना सांगताना आमचा स्वर उपदेशाचा नाही.

आणखी एक कटू विषय. तालुक्याच्या गावीही आता भुकट्या आणि गोळ्या विकणारी दुकाने झाली आहेत. वर ज्यांचे कौतुक केले त्या संजीवनी जाधव यांच्या २०१८ मधील चाचणीत बंदी असलेले द्रव्य आढळले आणि त्यांना दोन वर्षांच्या बंदीला सामोरे जावे लागले. बंदी संपल्यावर त्या पुन्हा मैदानात उतरल्या, हेही सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत चाचणी पथक आल्याचे कळताच खेळाडू पांगले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला. प्रशिक्षकाने संघाची पहिली बैठक घ्यावी ती या विषयावर : विचारल्याशिवाय सर्दीची गोळीसुद्धा घ्यायची नाही.

हे सारे करावयाचे कुणी? महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक सहसा एकच असतो. कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रिकेट, अर्ज, प्रवेशिका, प्रवासखर्चाची बिले, सारे त्याच्याच माथी. त्याच्याकडून रोज पहाटे माळावर उभे राहण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. परंतु या दोन्ही तालुक्यांत सैन्यातून निवृत्त झालेले, तेथे क्रॉस कंट्री धावलेले लोक आहेत. त्यांतील एखाद्याला अल्पसे मानधन देऊन, आधुनिक प्रशिक्षणाची ओळख करून देऊन जोडीला घेता येईल. भूगोलाच्या ब्रदरांचे उदाहरण वर दिलेच आहे. प्राचार्यांनी पैशाआधी वेळापत्रक द्यावे : सकाळचे पहिले व्याख्यान संघातील मुलांना उशिरा, आणि सरावानंतर एक वेळचा नाश्ता. गुळ-शेंगदाणे, केळी आणि दूध एवढेही पुष्कळ.

बारामतीकरांना धावणाऱ्याचे कौतुक नाही असे नव्हे. साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत अनवाणी धावून येथील मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या, तेव्हा आजारी पतीच्या तपासण्यांसाठी धावलेल्या त्या माउलीने सारे गाव हलविले. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा जमलेली ती गर्दी आम्हांला प्रिय आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर एक माणूस घड्याळ घेऊन उभा असावा, एवढीच त्या गर्दीकडे आमची मागणी.

प्रवेश जून-जुलैत होतात. त्याच वेळी प्रथम वर्षाच्या मुलामुलींची एक साधी धाव घ्यावी, वेळ न सांगता, आणि शेवटी आलेल्यांचीही नावे वहीत लिहून ठेवावीत. पहिल्या वर्षी सहा जणांचा संघ पूर्ण होईलच असे नाही. चार जण येतील, त्यांतला एक ऊसतोडीच्या हंगामात घरच्या कामाला जाईल, एकीचे लग्न ठरेल. दुसऱ्या वर्षी उरलेल्या दोघांच्या पाठोपाठ कदाचित पाच नवे येतील. पदवीचा काळ तीन वर्षांचा, नव्या शैक्षणिक धोरणानुसार हवा असल्यास चार वर्षांचा. तेवढ्या अवधीत वहीतली पहिली नावे अंतिम वर्षाला पोहोचतात आणि सरावाच्या वेळी नव्या मुलांच्या पुढे धावू लागतात.